किनाऱ्यालगतच्या छोट्या वस्तीत राहायला आलात? नळाचं पाणी पिण्याआधी हे तपासा

समुद्राजवळच्या छोट्या वस्तीत नव्याने राहायला आलेल्या माणसाने नळाच्या पाण्याची चौकशी केली की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. "जरा मचूळ आहे, पण होते सवय", नाहीतर "पाणी गोडं आहे, बिनधास्त प्या." दोन्ही उत्तरं मनापासून दिलेली असतात, पण ती चवीपुरतीच असतात. मीठ जिभेला कळतं. जंतू, सांडपाण्यातून किंवा खतांतून येणारं नायट्रेट आणि शिसं कळत नाहीत. म्हणून गोड लागणाऱ्या पाण्यानेही कावीळ किंवा विषमज्वर होऊ शकतो, आणि किंचित मचूळ पाणी जंतूंच्या दृष्टीने अगदी निर्धोक असू शकतं.

पहिल्या दिवसापासून दोन प्रश्न वेगळे ठेवा. पाण्यात मीठ किती आहे? आणि पाण्यात जंतू आहेत का? दोन्हींची तपासणी वेगळी आणि उपायही वेगळे. पाणी उकळून मीठ जात नाही, आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर, चांगला आकडा दिसला म्हणून जंतू नाहीत असं होत नाही. घरात येणारी बरीचशी चुकीची उपकरणं या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे घेतली जातात.

पाणी येतं कुठून?

सामान लावून होण्याआधी हे विचारून घ्या. किनाऱ्यावरच्या वस्तीला पाणी मिळण्याचे मार्ग मोजकेच असतात: वाळूतल्या उथळ विहिरी, बोअरवेल, लांबच्या धरणातून किंवा नदीतून आलेली नळयोजना, टँकर, आणि काही ठिकाणी समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प. अडचण अशी की एकाच नळाला वर्षभर एकाच ठिकाणचं पाणी येईल याची खात्री नसते. पावसाळ्यात विहीर, उन्हाळ्यात बोअर, टंचाईत टँकर असं चालतं, आणि तोटी उघडणाऱ्याला या बदलाचा पत्ताही नसतो.

कार्यालयात अर्ज करायचा तेव्हा करा, पण आधी रोज व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाशी बोला. त्याच्याइतकं नेमकं उत्तर दुसरं कोणी देत नाही. उन्हाळ्यात स्रोत बदलतो का? क्लोरीन कुठे टाकतात, रोज टाकतात का? पाणी दिवसातून किती वेळ येतं आणि आपलं घर लाइनच्या सुरुवातीला आहे की शेवटी? पाइप कुठे गटाराजवळून गेले आहेत का? शेवटचा तपासणी अहवाल कधीचा आहे, तोही पाहायला मागा.

घराला स्वतःची विहीर असेल तर शौचालयाचा शोषखड्डा किती लांब आहे ते पावलांनी मोजा. साधारण 30 मीटर अंतर आणि खड्ड्याचा तळ भूजलपातळीच्या निदान दीड मीटर वर, हा आपत्तीकाळातल्या मदतकार्यातही पाळला जाणारा नियम आहे. किनाऱ्यावर पाणी अगदी वर असतं, त्यामुळे नियमाचा दुसरा भाग अनेक घरांत पाळणंच अशक्य होतं. भरड वाळूतून सांडपाणी भराभर सरकतं आणि गाळलं कमी जातं. अशा घरातल्या विहिरीचं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नका, मग ते कितीही नितळ दिसो.

मीठ: थोडं समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यातलं सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड. म्हणजे 100 लिटरमध्ये एकच लिटर समुद्राचं असलं तरी प्रत्येक लिटरला 350 मिलिग्रॅम क्षार वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला 600 मिलिग्रॅमच्या आत असतील तर पाणी चवीला चांगलं मानतात आणि 1000 च्या वर गेलं की ते पिववत नाही. समुद्राचा वाटा तीन टक्क्यांवर गेला की पाणी बिघडलंच. इतक्या थोड्या मिसळीने विहीर हातची जाते.

ही मिसळ होते कशी? गोडं पाणी हलकं, खारं जड. त्यामुळे किनाऱ्याखाली जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॅडन घायबेन आणि 1901 मध्ये हर्झबर्ग या अभियंत्यांनी स्वतंत्रपणे याचं गणित मांडलं: समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर त्याखाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी असतं. आता हेच उलट वाचा. उपसा करून वरची पातळी अर्धा मीटर खाली आणली, तर खालचं खारं पाणी कालांतराने 20 मीटर वर सरकू शकतं. प्रत्यक्ष जमिनीत खडक आणि मातीचे थर असल्यामुळे आकडा पुढे-मागे होतो, पण दिशा हीच राहते. शिवाय जोरात पंप चालू असलेल्या बोअरखाली खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं. पंप थांबला की ते हळूहळू बसतं.

यातून रोजच्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. स्वतःची विहीर किंवा बोअर असेल तर पंप एका दमात तासन्‌तास चालवू नका. थोडा वेळ चालवा, विश्रांती द्या, पुन्हा चालवा. आणि "पाणी कमी पडतंय, बोअर आणखी खोल मारू" असा सल्ला कोणी दिला तर थांबा. किनाऱ्यावर खोल जाणं म्हणजे बहुतेक ठिकाणी खाऱ्या पाण्याच्या जवळ जाणं.

टीडीएस मीटर घ्याच. तो पाण्यातून वीज किती वाहते हे मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. मीठ ओळखायला हे साधन उत्तम आहे, पण जंतू किंवा शिसं त्याला दिसत नाही. एकदा मोजून भागणार नाही. पहिला महिनाभर वही ठेवा आणि आठवड्यातून दोन-तीनदा आकडा लिहा. सोबत वेळ, भरती की ओहोटी, आणि पाणी विहिरीचं की नळाचं हेही नोंदवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि उन्हाळ्याच्या शेवटी मुद्दाम मोजा. किनाऱ्याला अगदी खेटून असलेल्या विहिरींत भरतीचा परिणाम दिसतो, पण तो भरतीच्या घटकेलाच दिसेल असं नाही. काही तास मागाहूनही येतो. ऐन उन्हाळ्यातला आकडा हा तुमचा खरा आकडा. पावसाळ्यात केलेल्या एका तपासणीवर घर घेण्याचा किंवा महागडं यंत्र बसवण्याचा निर्णय घेऊ नका.

"सवय होते" याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जिभेला सवय होते, मूत्रपिंडांना आणि रक्तवाहिन्यांना होत नाही. टीडीएस आणि क्लोराइड यांच्या मर्यादा मुख्यतः चवीवरून ठरवलेल्या आहेत हे खरं. पण मिठातल्या सोडियमचा हिशेब मांडून बघा. मोठ्या माणसाने दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्यात समुद्रातून आलेलं क्लोराइड लिटरला 1000 मिलिग्रॅम असेल तर सोबत सुमारे 550 मिलिग्रॅम सोडियम असतं. असं तीन लिटर पाणी प्यायलं तर घास तोंडात जाण्याआधीच दीड ग्रॅमहून जास्त सोडियम पोटात गेलं. बांगलादेशाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या दाकोप भागात गर्भवतींचा उच्च रक्तदाब आणि पिण्याच्या पाण्यातला खारेपणा यांचा संबंध संशोधकांना आढळला, तो याच कारणाने महत्त्वाचा आहे. घरात रक्तदाबाचे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील, कोणी गर्भवती असेल, तर पाण्यातलं सोडियम किती ते मोजून घ्या आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा. त्यांनी विचारलं नाही तरी दाखवा.

"खाऱ्या पाण्यात जंतू टिकत नाहीत" हे तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. पटकीचा जंतू खाडीच्या मचूळ पाण्यातच नैसर्गिकरीत्या राहतो. एवढं सांगितलं तरी पुरे.

घराच्या आतली वाट

योजनेचं पाणी चांगलं असूनही तोटीपर्यंत येताना ते बिघडू शकतं. दिवसातून तास-दोन तासच पाणी येणाऱ्या वस्तीत हा धोका मोठा असतो. पाणी बंद झालं की पाइपमधला दाब जातो आणि फटीतून बाहेरचं पाणी आत शिरतं. मग पाणी सुटलं की सगळ्यात आधी तेच तुमच्या नळाला येतं. म्हणून सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी भरू नका. दोन-चार मिनिटं वाहू द्या. ते बादलीत धरून झाडांना किंवा लादी पुसायला वापरा. मुख्य लाइनला थेट मोटर लावणं हा याहून वाईट प्रकार. मोटर पाइपमध्ये ओढ निर्माण करते, आणि त्या ओढीने गटाराचं पाणीसुद्धा आत येऊ शकतं. तुमच्याच घरात नाही, शेजाऱ्यांच्याही. पाणी आधी खालच्या टाकीत पडू द्या, मग तिथून मोटरने वर चढवा.

टाकीत वाकून पहा. झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लोच्या नळीला बारीक जाळी आहे का, येणाऱ्या पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं नाही ना? तोंड पाण्याच्या पातळीच्या वरच हवं, नाहीतर दाब गेल्यावर टाकीतलं पाणी उलट लाइनमध्ये जातं. तळाचा गाळ काढून वर्षातून दोनदा टाकी घासा. धुतल्यावर निर्जंतुक करायची तर लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी भरून 24 तास ठेवतात. हजार लिटरच्या टाकीला 30 टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर साधारण 170 ग्रॅम लागते. आधी बादलीत कालवा, निवळू द्या आणि वरचं पाणी ओता. त्या काळात घरातलं कोणी ते पाणी पिणार नाही याची काळजी घ्या, आणि नंतर टाकी रिकामी करून नीट धुवा. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर लवकर निकामी होते, हे किनाऱ्यावर विशेष ध्यानात ठेवावं लागतं. ॲसिडवाल्या संडास क्लीनरसोबत ती कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

क्लोराइड जास्त असलेलं पाणी धातू खातं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप गंजतात, पितळी तोट्या झिजतात आणि जुन्या जोडांतलं शिसं पाण्यात उतरू शकतं. सकाळी पाणी लालसर आलं तर लोखंड, भांड्यावर हिरवट-निळा डाग पडला तर तांबं समजा. शिशाची मात्र कसलीही खूण दिसत नाही. लिटरला 10 मायक्रोग्रॅम ही त्याची मार्गदर्शक मर्यादा आहे. रात्रभर पाइपमध्ये साचलेलं पाणी आणि गीझरचं गरम पाणी पिण्यासाठी घेऊ नका.

जंतूंची तपासणी

सर्वांत स्वस्त आणि रोज करता येण्याजोगी तपासणी म्हणजे क्लोरीनची. डीपीडीची गोळी टाकल्यावर पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, आणि रंगाच्या तक्त्याशी ताडून किती ते कळतं. तोटीवर लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवं. रंग आलाच नाही तर पाणी दूषित आहे असं सिद्ध होत नाही, पण त्याचं संरक्षण संपलेलं आहे. त्या दिवशी पाणी उकळा. क्लोरीनचा वास आला म्हणून घाबरू नका. भांडं झाकून काही वेळ ठेवलं की तो कमी होतो.

काळी पडणारी एच-टू-एस बाटली बऱ्याच ठिकाणी वापरतात. पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. काळं झालं तर विष्ठेतल्या जंतूंचा संशय. किनाऱ्यावरच्या भूजलात मात्र हायड्रोजन सल्फाइड मुळातच असू शकतो. नळ उघडताच कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर या बाटलीचा निकाल फसवा ठरतो. तिथे प्रयोगशाळाच गाठा.

नमुना नीट घेतला नाही तर प्रयोगशाळेचा अहवालही कामाचा नाही. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध घातलेलं असतं, म्हणून ती विसळू नका. तोटीची जाळी काढा, तोंड पुसून निर्जंतुक करा, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या. झाकणाच्या आत बोट लावू नका आणि बाटली काठोकाठ भरू नका. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर 24 तासांत पोचवा. अहवालात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, 100 मिलिलिटरमध्ये शून्य हवेत. इथे "थोडेसे चालतात" असं काही नसतं. त्याच वेळी क्लोराइड, सोडियम, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि गढूळपणा मोजून घ्या. शिशासाठी मात्र दुसरा नमुना लागतो, तोही रात्रभर साचलेल्या पाण्याची पहिली धार.

नव्या जागी पोट बिघडलं की "पाणी मानवलं नाही" म्हणून सोडून देऊ नका. पिता येईल इतपत मचूळ पाण्यात समुद्रातून आलेलं सल्फेट जुलाब होण्याइतकं नसतं. संशय आधी जंतूंवर घ्या.

उपाय निवडताना

फक्त जंतूंचा प्रश्न असेल तर खळखळून एक मिनिट उकळलेलं पाणी पुरेसं आहे. गढूळ असेल तर आधी निवळू द्या आणि कापडातून गाळा. इंधन नसेल तेव्हा सुगंध नसलेलं 5 ते 6 टक्के क्लोरीनचं द्रावण लिटरला दोन थेंब टाकून अर्धा तास ठेवा. यूव्ही यंत्र नितळ पाण्यावरच काम करतं, आणि त्यातून निघालेल्या पाण्याला पुढे कसलंही संरक्षण नसतं; घाणेरड्या भांड्यात भरलं की पुन्हा दूषित. उघड्या पिंपात हात बुडवून पाणी घेण्याऐवजी तोटीचं झाकलेलं भांडं किंवा लांब दांड्याचं ओगराळं वापरा.

मिठासाठी घरात चालणारा उपाय म्हणजे आरओ. पण टीडीएस वर्षभर 500 च्या आत राहत असेल आणि अहवालात इतर दोष नसेल तर मी तो घेऊ नका असंच म्हणेन. एक लिटर पाण्यामागे तो अनेकदा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो, आणि टंचाईच्या वस्तीत हे परवडणारं नाही. लागलाच, तर बाहेर पडणारं जास्त खारं पाणी विहिरीजवळ मुरवू नका. तुरटी, कोळशाचं फिल्टर, माठ यांपैकी कशानेही मीठ जात नाही. पाणी मऊ करणारं यंत्र तर कॅल्शियम काढून सोडियम घालतं. रक्तदाबाच्या रुग्णासाठी ते उलटं. पावसाचं पाणी छतावरून नीट साठवलं, तर पिण्यापुरतं गोडं पाणी मिळवण्याचा तो चांगला मार्ग आहे. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं आणि पिण्याआधी उकळायचं.

बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी नायट्रेट लिटरला 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलेलं पाणी वापरू नका. ते उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. जुलाब झाल्यावर ओआरएसही गोड्या पाण्यात करा. त्या पुडीत सोडियम मोजून घातलेलं असतं, आणि मचूळ पाण्यात ते लहानग्यासाठी जास्त होतं.

वादळ किंवा उधाणाचं पाणी आत शिरल्यावर

वादळाचा इशारा आला की प्रत्येक माणसामागे तीन दिवसांचं पिण्याचं पाणी झाकून भरून ठेवा. समुद्राचं पाणी विहिरीत शिरलं तर घाईने ती पुन्हा पुन्हा उपसू नका. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर विहिरी वारंवार उपसल्या गेल्या आणि अनेक ठिकाणी खारेपणा हटला नाही; जमिनीत मुरलेलं आणि खालचं खारं पाणीच वर येत राहिलं. खरी धुलाई पुढच्या पावसाने केली. गाळ आणि कचरा काढण्यापुरता बेताने उपसा करा, क्लोरीन टाका, आणि मीटरचा आकडा उतरेपर्यंत ते पाणी धुण्याभांड्यालाच वापरा.

नळाला अचानक खारट, गढूळ किंवा वासाचं पाणी आलं तर आधी दोन शेजाऱ्यांकडे विचारा. फक्त तुमच्याकडेच असेल तर दोष घरातल्या टाकीत किंवा पाइपात आहे. सगळ्या ओळीत असेल तर तक्रार लेखी करा: तारीख, वेळ, किती घरं, मीटरचा आकडा, क्लोरीनचा रंग, आणि कोणाला जुलाब-उलट्या होत आहेत का. तीच माहिती आरोग्य केंद्रालाही कळवा. क्लोरीन किती निघालं आणि किती घरांत पोट बिघडलं आहे, एवढं लिहून दिलं तर फुटलेला पाइप शोधायला कुठून सुरुवात करायची ते दुरुस्ती करणाऱ्यांना कळतं. दुरुस्ती झाल्याचं सांगितल्यावरही तोटीवर क्लोरीन पुन्हा दिसेपर्यंत पाणी उकळूनच प्या.